कौसाबाईंची अर्धी बादली

कौसाबाईंच्या कानामागे कायम खडूचा तुकडा असे. दळणाचा डबा आला की त्यावर नाव नाही, खूण काढायच्या: कुणाला सूर्य, कुणाला मासा. "नाव वाचाया लागतंय, खूण सोताच बोलती," म्हणायच्या. ताडकळसजवळच्या त्या गावात गिरणी एकच, कौसाबाईंची. नवऱ्यामागे ते डिझेलचं इंजिन त्यांनी एकटीने चालवलं.

नामांतराच्या आंदोलनाच्या वर्षांतला एक कोरडा उन्हाळा. मी नवा ग्रामसेवक, आणि याद्या करण्याची मला भारी हौस. गावच्या विहिरीतून कोण किती पाणी उपसतो, हे मी मोजायला घेतलं. गिरणी विहिरीला लागूनच; इंजिन थंड ठेवायला विहिरीतून नळी जाई. तिच्याखाली बादली धरली, घड्याळ लावलं, गुणाकार केला: दिवसाला दोनशे बादल्या! यादीत गिरणी सगळ्यांत वर. सरपंच तात्यांनी यादी चावडीवर वाचली आणि ठरवलं, उद्यापासून गिरणी बंद. म्हणजे बायकांनी डबे डोक्यावर घेऊन ताडकळस गाठायचं.

सकाळीच कौसाबाई माझ्या दारात. मागे डबेवाल्या बायकांची रांग.

"जयभीम, सायेब. माझी गिरणी दोनशे बादल्या पिती, असं लिवलं तुमी? पोट फुटलं असतं की तिचं!"

"मी स्वतः मोजलंय, बाई."

"येताना मोजलं. जाताना?"

सगळे विहिरीवर गेलो. तात्याही आले. इंजिन धडधडू लागलं. इंजिनाची टाकी काठोकाठ होती. नळीतून आलेल्या दहा बादल्या मोजून मी टाकीत ओतल्या. पलीकडे विहिरीत परत पडणारं गरम पाणी बायकांनी बादल्यांत धरलं. कौसाबाई भिंतीवर रेघा ओढत होत्या. आठ... नऊ... शेवटी साडेनऊ!

"अर्धी वाफ झाली. ती माझी. तेवढी लिवा, मला सूट नगं," त्या म्हणाल्या. मग तात्यांकडे वळल्या. "आता हितनं तुमच्या मोसंबीच्या बागेला गेलेलं पाणी कुठून माघारी येतंय, ते बी बघू चला."

"कौसा, तुझी जीभ इंजिनापेक्षा जोरात चालायलीय."

"मग तिलाबी थंड पाणी पाजा, तात्या!"

तात्यांनाही हसू आवरेना. दुपारी गिरणी सुरू झाली. दहात अर्धी, म्हणजे दोनशेत दहा; मी यादीत दोनशे खोडून दहा लिहिले आणि दोन नवे रकाने आखले: 'परत आलं' आणि 'संपलं'. पुढे बदल्या होत राहिल्या, पण पाण्याची एकही यादी त्या रकान्यांवाचून केली नाही.

त्या दिवसापासून माझ्या डब्यावर कौसाबाई अर्धी बादली काढत. पुढे कधीतरी त्या वारल्याचं कळलं, तेव्हा डब्यावरची त्यांची शेवटची खडूची खूण पुसट झाली होती. मी ती पांढऱ्या रंगाने गिरवून घेतली.