शिक्षकांच्या हातात वायर देणाऱ्या सेलूकर मॅडम

सुनंदा सेलूकर मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले ते पडेगावच्या माझ्या दुरुस्तीच्या दुकानात. हातात शाळेचा टेपरेकॉर्डर होता. आवाज घसरत होता, म्हणजे आतला पट्टा सैल झालेला. दहा मिनिटांचे काम. पण मॅडम स्टुलावर बसल्या आणि म्हणाल्या, "दुरुस्त तर कराच, पण काय बिघडलंय ते मला कळेल असं सांगा." मी सांगितले. त्यांनी शेवटपर्यंत ऐकले आणि म्हणाल्या, "भाषा शिकवणाऱ्या शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र चालवते मी. तिथं असं सांगायला याल?"

बारावीनंतर माझे शिक्षण सुटले. भंगारातले संगणक आणून, खोलून, पुन्हा जोडून मी शिकलो. त्याचा अभिमान आहे आणि तो मी लपवत नाही. मॅडमना मी होकार दिला. फुलंब्रीकडे मेंढरे राखणारे माझे वडील मात्र ही बातमी ऐकून म्हणाले, "मास्तरायला तू शिकिवणार व्हय? लई झालं म्हनायचं!"

केंद्रात मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी अशा चार भाषांचे शिक्षक येत. एकदा मॅडमनी दोन शिक्षकांना पाठीला पाठ लावून बसवले. एकाच्या हातात चार वस्त्यांच्या टँकरचे वेळापत्रक, दुसऱ्याच्या हातात कोरा कागद. विचारून विचारून तो भरायचा. कोरा कागद घेतलेल्या गुरुजींनी हळूच मान वळवून डोकावले. मॅडम म्हणाल्या, "गुरुजी, डोकावून भागत असतं तर माणसानं तोंड कशाला उघडलं असतं?" सगळे हसले, गुरुजीही हसले, आणि मग ते खरोखर विचारू लागले. मॅडमची पद्धत ती एवढीच: समोरच्याजवळ असलेले आपल्याला हवे असले, की भाषा आपोआप चालायला लागते.

ती सलग दुष्काळाची वर्षे होती. शहर मात्र वाढतच होते. नव्या वसाहती, खणलेले रस्ते, आणि नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही. गावाकडच्या शिक्षकांना टँकरचे पाणी भरल्याशिवाय निघता येत नसे. मॅडमनी दहाचा वर्ग साडेअकराला नेला. म्हणाल्या, "आधी पाणी भरून या. घरात थेंब नसताना इथं कुणाचं लक्ष लागणार?" कोणीतरी वर तक्रार केली: वर्ग वेळेवर भरत नाही, शिवाय पदवी नसलेला माणूस शिक्षकांना शिकवतो. पाहणीला शिक्षण खात्याचे साहेब येणार असे ठरले. त्यांचे समाधान झाले नाही, तर केंद्र महिनाअखेर बंद. माझी तिथली नोकरीही त्याबरोबर जाणार होती.

आता माझी चूक नेमकी सांगतो. मी रोज वर्गाच्या चाळीस मिनिटे आधी पोहोचत असे. केबल जोडायच्या, पडदा ताणायचा, आवाज तपासायचा. शिक्षक आले की त्यांनी फक्त बटण दाबायचे. कोणी वायरीला हात लावलाच तर मी लगेच, "राहू द्या, मी करतो." मॅडम दोनदा म्हणाल्या होत्या, "रघुनाथराव, त्यांना करू द्या." मला वाटे, वायरीच्या तोंडातल्या पिना वाकवतील.

साहेब यायच्या दिवशी मी लॅपटॉपचा जादा चार्जर आणायला सकाळीच चितेगावला गेलो होतो. येताना पैठण रस्त्यावर खणलेल्या चरात टँकरचे चाक गेले होते आणि टँकर आडवा उभा. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. मॅडमचा फोन आला.

"साहेब आलेत. पडदा काळा आहे."

"मॅडम, गाडी इथंच टाकतो, पळत येतो."

"पळू नका. तिथून सांगा. शेख मॅडमना फोन देते."

शेख मॅडम उर्दू शिकवत. म्हणाल्या, "भाई, ये सब वायरां एकीच दिखरे मेरेकू."

"निळ्या तोंडाची बघा. तोंडाच्या दोन्ही बाजूंना स्क्रू."

"मिली. अब?"

"प्रोजेक्टरच्या मागं त्याच आकाराची जागा आहे."

मागून कोणी गुरुजी ओरडले, "नाय जात!"

"जोर लावू नका! उलटी फिरवा." हे मी इतक्या मोठ्याने म्हणालो की टँकरवाला वळून बघायला लागला. शेख मॅडमनी ते गुरुजींना सांगितले, गुरुजींनी तिसऱ्याला. दुसरे टोक लॅपटॉपला लागले. मग मी बटणे सांगितली: खाली डावीकडचे दाबून ठेवायचे आणि वरच्या रांगेतले पडद्याच्या चित्राचे दाबायचे. शेख मॅडमनी तेही पुढे सांगितले. आणि मग वर्गभर एकच आरडाओरडा, "आलं! आलं!" शेख मॅडम ओरडल्या, "भाई, आगया! हमनेच लगाए!"

मी तिथेच खडीच्या ढिगावर बसलो.

तासाभराने पोहोचलो तेव्हा साहेब मॅडमना विचारत होते, "हा पाठ तुम्ही मुद्दाम बसवला होता?"

हो म्हटले असते तर खपून गेले असते. मॅडम म्हणाल्या, "नाही साहेब. आमची चूक होती, ती आज उघडी पडली. पण महिनाभर मी जे सांगतेय, ते या लोकांनी आज करून दाखवलं." मग माझ्याकडे हात करून म्हणाल्या, "आणि हे आमचे तंत्रज्ञानाचे प्रशिक्षक."

साहेबांनी पदवीचे विचारले नाही. रजिस्टरात लिहिले, 'वर्ग साडेअकरा वाजताच चालू ठेवावा.' दुसऱ्या दिवसापासून मी सगळ्या केबल सोडवून टेबलावर ढीग करून ठेवू लागलो. दोन पिना वाकल्या. सरळ करता आल्या.

मॅडम आता पंचाहत्तरीत आल्या आहेत, त्यासाठीच आज आपण सगळे इथे जमलो आहोत. गुडघे कुरकुरतात, तरी नव्या शिक्षकांचा वर्ग त्या सोडत नाहीत. मॅडम, डॉक्टरांनी व्यायाम वीस वेळा सांगितला असेल तर वीसच वेळा करा, अठरा नको. तुमचा आवाज असाच खणखणीत राहो, आणि पुढची पुष्कळ वर्षे तुम्ही आम्हाला तोंड उघडायला लावा.

एक राहिले. त्या दिवशी साहेबांसमोर तुम्ही 'आमची चूक' म्हणालात आणि मी शेजारी मुकाट उभा राहिलो. आज इतक्या लोकांसमोर सांगतो: चूक एकट्या माझी होती. सांगून टाकले, आता बरे वाटते आहे.