लबनच्या झाकणांतली चतुर्थी

कुवेतला कोणी हौसेने हिंडायला जात नाही. मीही उमेदीची वर्षं तिथे एसी दुरुस्त करत घालवली, तेव्हा हेच म्हणायचो. आता कुडाळला स्वतःचं दुकान आहे, हाताखाली माणसं आहेत. पण एका दुपारी गल्ल्यावर बसल्या बसल्या अब्बासियातल्या आमच्या खोलीची अशी आठवण आली, की तिथल्या तिथे ऑनलाइन व्हिसाचा अर्ज भरून टाकला.

मुंबईहून विमान चार-सव्वाचार तासांत पोचवतं. तुम्ही जाल तर हिवाळ्यात जा. मी जूनअखेर गेलो, कारण खोलीतला केनो, म्हणजे आकड्यांचा खेळ, तेव्हाच असतो.

विमानतळावर टॅक्सीवाल्याशी भाडं आधी ठरवा. अब्बासियात उतरलात की दिशा विचारायला हिंदी पुरते. केरळी हॉटेलात पराठा आणि अंडाकरी एका दिनारच्या आत होते. खोलीत पाच जण, सगळे सिंधुदुर्गातले, मीना अल-अहमदीच्या रिफायनरीत एकाच ठेकेदाराकडे. महादेव माझा जुना जोडीदार. आमचे पलंग एकावर एक होते.

"जाड झालंस," तो म्हणाला.

"खुर्चीवर बसतंय आता."

"मगे हय कशाक इलंस? आमका खुर्ची दाखवूक?"

आता केनोचं. इथे जुगाराला सक्त बंदी आहे, तेव्हा कॅसिनो शोधत येऊ नका. खोलीतल्या खेळात पैसा नाही. ठेकेदार या पाचांपैकी एकालाच गणपतीची सुट्टी देतो. हट्ट करणाऱ्याला कायमची मिळते. म्हणून ताकाच्या, म्हणजे इथल्या लबनच्या, बाटल्यांच्या ऐंशी झाकणांवर एक ते ऐंशी आकडे लिहून ती तांदळाच्या पिशवीत घालतात. प्रत्येकाने आधी आठ आकडे सांगायचे. वीस झाकणं काढायची. ज्याचे जास्त जुळतील तो घरी. हा खेळ आणला खोलीतल्याच डॉमनिकने. तो पूर्वी जहाजावरच्या कॅसिनोत सफाईला होता.

महादेवला मी निघाल्यापासून एकदाही चतुर्थी मिळालेली नाही. गणपतीवर रानफळांची माटवी बांधण्यात त्याचा हात धरणारा वाडीत कोणी नव्हता. आता ती शेजारी बांधतात, आणि तो फोनवर बघून "डावी बाजू खाली इली" म्हणत बसतो.

खेळाच्या आदल्या संध्याकाळी मी बसने सालमियाला गेलो. तिकीट स्वस्त, एसी कडक. किनाऱ्यावर एक मराठी बाई मुलाला म्हणत होती, "बघ, आपल्या मालवणसारखा समुद्र!" पोरगं म्हणालं, "आई, पण व्हेअर आर द वेव्ज?"  मी त्या सपाट पाण्याकडे बघत राहिलो.

परतलो तर जिन्यात महादेव फोनवर कुजबुजत होता. "सत्तावीस काढू म्हणतंस? बरा, काढतंय. मगे चौतीस घेव?" पलीकडे त्याची बायको, सुनंदावहिनी. आकडे दरवर्षी तीच ठरवते.

शुक्रवारी दुपारी, जेवणं उरकल्यावर, मी शहाणपणा केलाच. "मागच्या वर्षी काय निघालं ते झाकणाला आठवत नाही. कुठलेही आठ धरा, सारखेच."

डॉमनिक हसला. "कॅसिनोत लोक मागचे आकडे पाठ करून येत. सतरा तापलो हा म्हणत. मी टेबल पुसूक जाईसर त्यांचे खिसे साफ!"

"तिथे कॅसिनो आपला वाटा आधीच काढून ठेवतो," मी म्हटलं. "इथे निदान कोणीतरी घरी जातंच."

"मगे डोक्या कित्याक दिला देवान?" महादेव म्हणाला.

"ह्या खेळासाठी नाय."

"तसा म्हणू नको रे. आकडे ठरवण्यात आमचो महिनो बरो जाता."



पिशवीत हात माझाच, कारण मी पाहुणा. एकोणीस झाकणं निघाली. महादेवचे पाच जुळले होते, प्रदीपचेही पाच. प्रदीप सगळ्यांत नवा. त्याने डोळे मिटून आकड्यांच्या कागदावर बोट ठेवत आकडे घेतले होते. विसावं झाकण मी उलटं केलं. सत्तावीस. प्रदीपचं.

पोरगा ओरडलाही नाही. महादेवनेच त्याच्या पाठीत थाप मारली. "जा. माझ्या गणपतीक एक फूल घाल." मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुनंदाक हरलंय म्हणान सांगतंय. पण सत्तावीस इलो, ता सांगू नको."

परतीला माझ्या बॅगेत महादेवने घरी पोचवायला दिलेला खजूर, बाम आणि बॅटरी होती. कुडाळला उतरल्यावर दुसऱ्या दिवशी देऊन आलो. वहिनींनी चहा ठेवला. माटवीची लाकडी चौकट पडवीत टांगलेली होती, रिकामी.

"भावोजी, शेवटचो आकडो खंयचो इलो?"

"साठ," मी म्हटलं.

त्यांनी श्वास सोडला. "माका वाटला, सत्तावीस. मीच काढूक लावलेलंय." चहा गाळता गाळता थांबल्या. "पुढल्या वर्षाक परत धरूया सत्तावीस?"

झाकणांना काही आठवत नाही, हे मी खोलीभर ठासून सांगून आलो होतो. तरी बराच वेळ विचार केला.

"धरा," म्हटलं.

त्यांनी लगेच महादेवला फोन लावला. तिकडे जेवणाची सुट्टी झाली असावी.