लिंबाएवढी गाठ

संयोगिता धाकट्या जावेवर जळायची. गावभर गोड बोलणारी बाई, पण अपेक्षाचं वाढतं पोट समोर आलं की तिला घास उतरत नसे.

कारणही तसंच होतं. अकरा वर्षांपूर्वी तिच्या गर्भपिशवीत लिंबाएवढी गाठ निघाली. मूल नव्हतं, वय जेमतेम अठ्ठावीस, आणि अंगावरून सारखं जायचं. सासू शालूबाई म्हणाल्या, "रोजची कटकट कशाला? पिशवीच काढून टाका." नवऱ्यानं मान डोलावली. पिशवी निघाली; संयोगिताला कुणी विचारलंच नाही.

आता अपेक्षालाही गाठ निघाली, तीही नारळाएवढी, आणि तिच्या शेजारी पोर खुशाल वाढत होतं! एकच घर, एकच सासू, मग देवानं असा दुजाभाव का करावा?

पाचव्या महिन्यात एके दुपारी अपेक्षा कळा येऊन गडाबडा लोळायला लागली. शालूबाई तेलाची वाटी कोमट करून पोट चोळायला बसल्या. ते चुकीचं आहे, हे संयोगिताला कळत होतं. तरी ती दारात मूग गिळून उभी राहिली. सोसू दे हिलाही थोडं, असं तिच्या मनात खरोखर आलं.

"ताई, माझं बाळ जातंय वं!" अपेक्षा ओरडली.

मग मात्र संयोगितानं वाटी हिसकावून घेतली. "आत्या, हात लावू नगा. गाडी काढा."

साताऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळ ठीक होतं. गाठीला रक्त कमी पडलं की अशी कळ येते, त्या म्हणाल्या. औषध आणि विश्रांती, गाठीला आत्ता हात लावायचा नाही.

शालूबाई बाहेर गेल्यावर संयोगितानं विचारलं, "आणि लिंबाएवढी असंल तर? अंगावरून लय जात असंल तर?"

"त्याला औषधं आहेत. नाहीच भागलं तर नुसती गाठ काढता येते. मूल हवं असलेल्या बाईची पिशवी आधीच कशाला काढायची?"

ते उत्तर संयोगितानं चार महिने कुणाला सांगितलं नाही. अपेक्षाचं पथ्यपाणी तिनंच केलं, आणि जळणंही सोडलं नाही.

सिझर झालं. रक्त बरंच गेलं, दोन बाटल्या चढवाव्या लागल्या, पण मायलेकी सुखरूप राहिल्या. नात मांडीवर घेऊन शालूबाई म्हणाल्या, "नशीब लागतं बाई. तुझ्या नशिबातच नव्हतं, त्याला कोण काय करणार?"

संयोगितानं पोरीचं टोपरं नीट केलं.

"नशिबाला कशाला बोल लावता, आत्या? माझी तर लिंबाएवढीच हुती."