खाली ठेवलेला कप

अम्मानमध्ये ड्रायव्हरला कुणी दोन वर्षं फुकट जेवू घालत नाही, याबद्दल अबू रकानच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. शंका होती ती टिबोरबद्दल.

टिबोर मूळचा हंगेरीचा. पाण्याच्या प्रकल्पावरचा इंजिनियर, पन्नाशी उलटलेला, बायको वारलेली. दर शुक्रवारी दुपारची नमाज आटोपली की अबू रकानच्या टॅक्सीतून तो भटकायला निघे. कधी अजलूनचं जंगल, कधी सॉल्ट गावाच्या चढणीच्या गल्ल्या, कधी खाली मृत समुद्राचा काठ. कुठेही जेवायला थांबले की समोरची खुर्ची ओढून म्हणे, "बसा." मनसफचं ताट आलं की भात-मटणाचा गोळा हाताने वळायला जाई, दह्याचा रस्सा कोपरापर्यंत ओघळे आणि मग स्वतःच हसत सुटे. अबू रकानही हसे, पण पोटभर नाही. आधी त्याला वाटलं, हा कुणाचा तरी खबऱ्या असणार. पण खबऱ्या वांग्याच्या भरताची कृती कशाला विचारत बसेल? मग वाटलं, पाद्री असेल, हळूहळू धर्माचं बोलेल. तेही नाही. माणूस काहीच मागत नव्हता, आणि अबू रकानला झोंबत होतं ते नेमकं हेच.

दोन महिन्यांपूर्वी मात्र त्याला धागा सापडला. शुना गावी तळलेला मासा खाता खाता टिबोरने सहज विचारलं, तुमच्याकडे लग्नं कशी ठरतात? पुढच्या शुक्रवारी विचारलं, तुमची लुजैन औषधांच्या दुकानात रविवारीही असते का? अबू रकानची मुलगी लुजैन त्या दुकानात कामाला होती आणि टिबोरच्या रक्तदाबाच्या गोळ्या तिथूनच येत. तिसऱ्या शुक्रवारी पुन्हा मासा खाताना म्हणाला, पोरगी हुशार आहे, तिला कुणी समजूतदार माणूस मिळायला हवा. अबू रकानच्या घशात माशाचा काटा अडकला, तो खोकून निघाला. संशय काही निघाला नाही. लुजैन तेवीस वर्षांची, हा तिच्या बापापेक्षा मोठा. तेव्हापासून अबू रकान गाडीत मुकाट असे आणि घरी आला की मुलीच्या फोनकडे डोळे लावून बसे. फोन वाजला की विचारी, कोण? ती मैत्रिणीचं नाव सांगे. त्याला ते खरं वाटत नसे. बायको, उम्म रकान, म्हणाली की तुम्हाला हॉटेलचं जेवण बाधलंय.

मग आला तो शुक्रवार. टिबोर म्हणाला, आज हॉटेल नको, मला तुमच्या घरी यायचंय. अंगात नवा कोट, हातात मिठाईचा मोठा डबा. अबू रकानने त्याला गाडीत बसवण्याआधी थोरल्या भावाला, हाज गालेबला, फोन करून घरी बोलावून घेतलं. चार माणसांत बोललेलं बरं असतं.

बैठकीत उम्म रकानने वेलदोड्याची कडू कॉफी आणून ठेवली आणि ती आत गेली. स्वयंपाकघराच्या दाराआड लुजैन उभी होती. टिबोरने कप उचलला, नाकाजवळ नेला आणि न पिता जपून टेबलावर ठेवला.

पाहुण्याने कॉफी न पिता खाली ठेवली की त्याचं काही मागणं असतं. यजमानाने "घ्या, तुमचं काम झालं" म्हटलं की मगच कप ओठांना लागतो. ऑफिसातल्या कुणीतरी त्याला हे नीट पढवून पाठवलं होतं.

टिबोर तोंड उघडणार तोच अबू रकान उभा राहिला.

"प्या नाहीतर राहू द्या, साहेब. ज्यासाठी आलात ते या घरात मिळायचं नाही. दोन वर्षं मला खाऊ घातलंत म्हणून माझी मुलगी तुमच्या ताटात वाढू का?"

टिबोरचा चेहरा लालबुंद झाला. मोडक्यातोडक्या अरबीत तो काही सांगू लागला, पण शब्द जुळेनात. बोलला तो हाज गालेब, अगदी सावकाश, भावाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारत.

"मुतलक, तुझी अक्कल चरायला गेलीय का? नवरा मुलगा कधी स्वतः कप खाली ठेवतो? कप ठेवणारा दुसऱ्यासाठी बोलायला आलेला असतो. तू स्वतः चार जणांच्या मागणीला गेलायस."

अबू रकानला हे लहानपणापासून ठाऊक होतं. संशयापुढे ते आठवलंच नव्हतं.

मग टिबोरला हवे ते शब्द सापडले. त्याच्या हाताखाली हैसम नावाचा तरुण इंजिनियर होता. आईबाप नाहीत, काका-मामा नाहीत, मागणी घालायला वडीलधारं कुणी नाही. त्याने विनवलं होतं म्हणून टिबोर वडीलधारा होऊन आला होता; ते शुक्रवारचे प्रश्नही त्याच्यासाठीच होते. हैसम खाली जिन्यापाशी उभा होता. लुजैनने होकार दिला होता, पण बापाला विचारल्याशिवाय पुढे बोलायचं नाही, असं त्याला बजावलं होतं.

अबू रकानला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "त्या पोराला वर बोलवा," असं भावाला सांगून तो आत गेला. त्याला वाटलं, लुजैनला आनंद होईल आणि झालं गेलं पुसलं जाईल.

ती कप विसळत होती. तिने मागे वळून पाहिलं नाही.

"बाबा, दोन महिने माझा फोन वाजला की तुम्ही दारात येऊन उभे राहायचात. संशय साहेबांवर होता की माझ्यावर?"

साहेबांवर, असं म्हणणं सोपं होतं. उम्म रकानही तेच म्हणा असं डोळ्यांनी सुचवत होती.

"दोघांवर," तो म्हणाला.

लुजैनने नळ बंद केला. मग ओले हात पुसत म्हणाली, "माझी माफी मागू नका, मी आज देणार नाही. साहेबांची मागा. आणि हे दोघांवर म्हणालात ना, ते काकांसमोर, हैसमसमोरही सांगा. लग्न करायचं की नाही, ते मी त्यानंतर ठरवीन."

बाहेर जिन्यावर पोराची पावलं वाजली. अबू रकान बैठकीत गेला, सगळ्यांसमोर त्याने साहेबांची माफी मागितली आणि संशय दोघांवर होता, हेही सांगितलं.