कच्चं मुंडकं

सासऱ्यांची कारवानी कुत्री कळपाच्या पुढं चालायची. लांब पायांची, पोट पाठीला लागलेली. लांडग्याची चाहूल लागली की आधी तीच उभी राहायची. जत तालुक्यातल्या आमच्या माळावर तिच्या भरवशावर सासरे निर्धास्त असत. मेंढरू कापलं की त्याचं मुंडकं कच्चंच तिच्यापुढं पडायचं. त्यांच्या वडिलांपासून तीच रीत होती, आणि लग्न होऊन साताऱ्याकडून आलेल्या मलाही त्यात कधी वावगं वाटलं नाही.

मग एका उन्हाळ्यात एक तरणी मेंढी जागच्या जागी गोल गोल फिरू लागली. मान वाकडी, चारा तोंडाशी धरला तरी दिसेना. सासऱ्यांनी अंगारा लावला. मेंढी गेली. थोड्याच दिवसांत दुसरीही तशीच मेली, तेव्हा मी जनावरांच्या डॉक्टरांना घेऊन आले.

त्यांनी कवटी उघडली. मेंदूला चिकटून पाण्यानं भरलेली, लिंबाएवढी पिशवी निघाली. तिच्या पातळ पापुद्र्यावर साबुदाण्याच्या कण्यांसारखे पांढरे ठिपके.

"कुत्रं असला मेंदू कच्चा खातं, की त्याच्या पोटात जंत होतात," डॉक्टर म्हणाले. "जंताची अंडी त्याच्या विष्ठेतून गवतावर पडतात. तेच गवत मेंढी खाते आणि तिच्या मेंदूत ही पिशवी वाढते."

कुत्री शेजारीच बसली होती. तिचं लक्ष त्या कवटीवर होतं.

"मामा, आजपासनं हिला कच्चं न्हाई द्यायचं," मी सासऱ्यांना म्हणाले.

"मग काय पुरणपोळी घालतीस तिला?"

नवरा फौजेत. फोनवर म्हणाला, "आबा ऐकायचे न्हाईत. तू कशाला नादाला लागतीस?" मी म्हटलं, "मेंढरं मरत्यात आन् मी बघत बसू व्हय?"

सांगलीहून डॉग फूडची पिशवी आणली. कुत्रीनं दाणे हुंगले, शिंकली आणि तोंड फिरवून निघून गेली. दाण्यांना मुंग्या लागल्या. ती नुसती पाण्यावर राहिली. "कुत्र्याला कडक बिस्किटं? तिला मटान पायजे," सासरे म्हणाले. तिच्या फासळ्या दिसायला लागल्या, पण कच्च्यावर परत जायचं नव्हतं. मी बाजारातून मुंडकं आणलं, मोठ्या पातेल्यात दुपारभर चुलीवर शिजवलं आणि त्या पाण्यात दाणे भिजवले. तिनं पातेलं लख्ख चाटलं. सासरे पाठ करून बसले होते.

पुढं पाहुणे आले, बकरं कापलं, आणि सवयीनं सासऱ्यांनी मुंडकं तिच्यापुढं टाकलं. मी धावत गेले आणि तिच्या तोंडातलं ते ओढायला लागले. ती गुरगुरली. तिचे दात माझ्या मनगटावर टेकले.

"आगं सोड! चावंल ती!" सासरे ओरडले.

"चावू द्या. मी सोडत न्हाई."

त्यांनी तिला जरबेनं हाक मारली तशी तिनं तोंड उघडलं. सासऱ्यांनी ते मुंडकं उचललं, चुलीपाशी गेले आणि स्वतःच पातेल्यात टाकलं.

डॉक्टरांनी दिलेली जंताची गोळी मी गुळात घालून तिला चारली. तरी पावसाळ्यानंतर आणखी एक मेंढी गोल फिरू लागली. "आता गं?" सासऱ्यांनी विचारलं. मी सांगितलं, "ही आधी खाल्लेल्या गवताची. डॉक्टर म्हनले हुते, कळायला लय महिने लागत्यात. आन् त्या माळावर आपलीच कुत्री फिरती व्हय?"

मग मी हेच सांगायला शेजारच्या वस्त्यांवर जायला लागले. पहिल्या वस्तीवर बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी सासरे चपला घालून माझ्याबरोबर निघाले. तिथल्या कारभाऱ्याला म्हणाले, "गड्या, मुंडकी शिजवून घालत जा. न्हाईतर ही माझी सून रोज येऊन तुझं डोकं खाईल."

गेल्या वर्षी आमच्या कळपात एकही मेंढी फिरली नाही. ओढ्यापलीकडची एक वस्ती अजून ऐकत नाही. तिथं मी सोमवारी परत जाणार आहे.