डॉमनिक अंकलच्या भिशीतली बाई

आमच्या भिशीचे किस्से कोणी विचारले की मी आधी विचारतो, बसायला वेळ आहे का? कारण एक सांगायला घेतला की मागून दुसरा "मला पण घे ना" करत येतोच. त्यातले अर्धे माझ्या चाळ्यांचे. ते मी छाती पुढे काढून सांगतो. उरलेले अर्धे माझे नाहीत. घोळ तिथेच आहे यार. लोकांना ते पण माझेच वाटतात!

भिशी म्हणजे भांड्यांची नाही, साड्यांची नाही. चित्रांची! सांताक्रूझला, विमान गेलं की बोलणं थांबवावं लागतं तिथल्या गावठाणात डॉमनिक अंकल राहतो. आठवडाभर छापखान्यात नोकरी, रविवारी चर्चातली मिस्सा आटपली की घरी स्वतःचं काम. तांब्याच्या पत्र्यावर मेण लावायचं, सुईने चित्र खरवडायचं, पत्रा ॲसिडमध्ये बुडवायचा. मग शाई भरायची, वर ओला कागद ठेवायचा आणि प्रेसचं मोठं चाक फिरवायचं. एका पत्र्यावरून बाराच प्रती. प्रत्येकीवर पेन्सिलने नंबर आणि सही. बारावी निघाली की पत्र्यावर फुली मारून तो बाद! तेरावी कोणाच्या बापाला काढता येणार नाही. म्हणून प्रत्येक प्रत ओरिजिनल.

अंकल म्हणायचा, "राजाचे घरी पन हेच लागंल नि तुझे घरी पन हेच!"

आता ओरिजिनल घ्यायची आमच्या कॉलनीत ऐपत कुणाची? म्हणून बारा घरांची भिशी. थोडेथोडे सगळ्यांनी द्यायचे, त्यात कागद-शाई यायची, महिन्याला एक प्रत निघायची. ती कुणाची, ते चिठ्ठी ठरवायची. आमचे बाबा कारखान्यात फिटर. तरी भिंतीवर ओरिजिनल! आहे की नाही झकास?

*

भिशी चालू व्हायच्या आधी आमच्या खालच्या मजल्यावरचे देसाईकाका फोर्टच्या फुटपाथवरून एक विलायती चित्र घेऊन आले. ऑफिसातले क्लार्क, पण त्या दिवशी चाल अशी की जसा काही म्युझियमचा मालक! थेट अंकलकडे.

अंकलने भिंग लावलं. मग भिंग देसाईकाकांच्या हातात दिलं.

"काय दिसतंय?"

"ठिपके."

"सगले अंगावर?"

"हो... सगळीकडे."

"मग याला गोवर झालाय, देसाई! मशीनवर छापलेला हाय."

देसाईकाका पडलेल्या तोंडाने म्हणाले, "अहो, पण खाली सही आहे ना!"

अंकलने भिंग सहीवर सरकवलं. "सहीला पन गोवर!"

*

आता त्या बाईचं.

भिशीसाठी अंकलने पत्र्यावर गावठाणातलं एक दार काढलं आणि उंबऱ्यात एक बाई बसवली. कोण, तर कोणी नाही. "रिकामा दार बरा नाय दिसत, म्हनून बसवली," एवढंच.

पहिली प्रत निघाली तेव्हा आम्ही सगळे तिथे होतो. वसंतदादा कांबळे पण होता, टेलिफोनमध्ये लागलेला, आमच्या शेजारच्या खोलीतला. त्याने कागद बघितला आणि मटकन खाली बसला.

"ही माझी आई आहे."

वसंतदादाची आई तो शाळेत असताना गेली. तिचा फोटो नाही. एकही नाही. आधी आम्हाला वाटलं, वाटतं माणसाला असं. मग तो म्हणाला, "हिच्या उजव्या कानाची पाळी फाटलीय बघा. मी तान्हा असताना कुडी ओढली होती."

अंकलने वाकून बघितलं. पाळी खरंच फाटलेली. अंकलचा चेहरा उतरला.

"हा मी नाय काढला, वसंत. मेन सुटला असंल, ॲसिडनं इथंच खाल्लंय."

वरून विमान गेलं. ते गेलं तसा वसंतदादा उठला आणि वडिलांना सांगायला घरी पळाला.

*

वसंतदादाचे वडील म्हणजे आबा. रेल्वेत गँगमन होते. त्यांच्या डोळ्यांत काचबिंदू. डॉक्टरने सांगितलेलं, गेलेली नजर परत येणार नाही, उरलीय ती पण जाणार. म्हणजे आबांना बायकोचं तोंड एकदा बघायचं तर घाईच होती.

वसंतदादा म्हणाला, "आबा, चला अंकलकडे. आत्ता बघून येऊ."

आबा जागचे हलले नाहीत. "तिला दुसऱ्याच्या घरी जाऊन भेटू व्हय? चिडंल ती."

माझी आई म्हणाली, "मग आमचा नंबर लागला की आमची प्रत तुम्ही घ्या."

"न्हाई वैनी. फुकटात कशी आणू तिला? आमच्या चिठ्ठीनं यील."

झालं! म्हातारा हटेना आणि चिठ्ठी लागेना. तिसऱ्या महिन्यात आमच्या घरी बाई आली. बाबांनी फ्रेम केली, काच लावली, मागून पुठ्ठा ठेवून खिळे ठोकले. आबा आमच्या दारावरून जाताना मान फिरवून जायचे, चुकून दिसायला नको म्हणून. आणि दर महिन्याला भिंत जास्त चाचपत जायचे.

*

मग मी डोकं चालवलं. चिठ्ठ्या लिहायचं काम माझ्याकडे होतं. शाळेने मला सोडलं की मी शाळेला, ते जाऊ द्या, पण नावं लिहिता येतात. त्या महिन्यात जेवढ्या चिठ्ठ्या होत्या तेवढ्या सगळ्यांवर मी "कांबळे" लिहिलं. सगळ्यांवर! आता कोणतीही काढा!

अंकलने टोपीत हात घातला. चिठ्ठी उघडली.

"देसाई."

मी म्हटलं, अंकल मस्करी करतोय. चिठ्ठी हातात घेतली. देसाई. अक्षर माझंच, तेच कोंबडीचे पाय. पण मी लिहिलं नव्हतं, आईशप्पथ!

टोपी घेऊन मागच्या पडवीत गेलो आणि उरलेल्या सगळ्या उघडल्या. कांबळे, कांबळे, कांबळे.

कोणाला सांगणार? सांगितलं तर आधी मार मलाच.

*

देसाईकाकांकडे बाई आली तेव्हा मला परत खाज सुटली. त्यांच्याकडे रखमा कामाला यायची, गावाहून नवीनच आलेली. मी मागच्या खिडकीखाली बसलो आणि म्हातारीसारखा आवाज काढला, "पोरी, च्या टाक गं."

रखमाने खरंच चहा केला आणि कप चित्राखाली नेऊन ठेवला! मी हसून हसून नाल्यात पडायचा बाकी होतो.

दुसऱ्या दिवशी आमची गँग आरे कॉलनीत गेली होती, सकाळपासून. संध्याकाळी परत आलो तर जिन्यातच देसाईकाकूंनी पकडलं. "मेल्या सुऱ्या, आज पण चहा मागितलास?"

"मी नव्हतोच काकू! आरेला होतो. बाटलीतलं थंड दूध पिऊन आलो, ओठ बघा!"

रखमा मागून म्हणाली, "आज त्या म्हणल्या, साखर नगं घालू. काल लई गोड केलावतास."

वसंतदादा तेव्हाच कामावरून येत होता. जिन्यात थांबला. म्हणाला, "आई बिनसाखरेचाच प्यायची."

आणि वर निघून गेला.

*

शेवटी एकच घर उरलं, कांबळ्यांचं. चिठ्ठी काढायची गरजच नव्हती. पण तोवर आबांच्या डोळ्यांत काही राहिलं नव्हतं. दार कुठे, खिडकी कुठे, काही नाही.

त्या रविवारी अंकलने बारावी प्रत काढली. लगेच पत्र्यावर फुली मारायला सुई उचलली.

वसंतदादा म्हणाला, "तोंडावर नको हां, अंकल."

अंकलने दाराच्या चौकटीवर फुली मारली आणि पत्रा पालथा ठेवला. मग ओली प्रत तशीच फळीवर धरून आम्ही तिघे कांबळ्यांकडे गेलो. आबांनी दाढी केली होती. धुतलेला सदरा घातला होता. खाटेवर ताठ बसलेले.

वसंतदादाने फळी मांडीवर ठेवली. "आबा, आई."

आबांनी चेहरा खाली केला, बघत असल्यासारखा. बराच वेळ. मग बोटं ठेवली. मी ओरडणार होतो, शाई ओली आहे! अंकलने माझं मनगट दाबलं.

बोटं दारावरून, पदरावरून, त्या कानावर आली. तिथे थांबली. मग कपाळावर.

"कपाळ मोकळं ठिवलंय व्हय रे हिचं?"

वर्षभर ती बाई आमच्या भिंतींवर होती, आणि एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं! अंकल हळूच म्हणाला, "आमच्यात नाय लावत, आबा. माजे हातानं आलंच नाय."

"ती माझ्या आधी गेली. भरल्या कपाळानं गेली," आबा म्हणाले.

त्यांनी चौकटीतली ओली शाई अंगठ्याला घेतली आणि तिच्या कपाळावर टेकवली. बरोब्बर मधोमध. डोळस माणसाला जमलं नसतं.

"आता बस घरात," म्हणाले.

मी घरी आलो. माठातलं पाणी घेतलं, तोंडाला लावलं आणि भिंतीकडे बघितलं. आमची बाई. काचेच्या आत. कपाळावर काळा ठिपका, अंगठ्याएवढा.

आई स्वयंपाकघरातून आली. आधी चित्र बघितलं, मग मला. माझा कान धरला. "कार्ट्या, ओरिजिनल चित्र होतं ते!"

एका हाताने कान तसाच धरून तिने फ्रेम उतरवली, उलटी केली. बाबांनी ठोकलेले खिळे जागच्या जागी, गंजलेले. तिने काचेवरून पदर फिरवला. ठिपका आत.

माझा कान तिने कधी सोडला ते मला कळलंच नाही. कारण खालून देसाईकाकू बोंबलत जिना चढत होत्या, "सुऱ्याऽऽ! काच न काढता कसं केलंस रे हे?"