आईच्या रवीचं पेन

आमचा धंदा कातकामाचा. वडगावात विणकरांच्या वस्तीत घर, आणि पुढच्या खोलीत पायानं चालवायचा लेथ. मागाच्या सूत गुंडाळायच्या कांड्या, लाटणी, पाळण्याच्या दांड्या, ताकाच्या रव्या, जे कोणी मागेल ते माझे वडील आप्पा कातून द्यायचे. मीही तोवर त्यांच्या बरोबरीचा कारागीर झालो होतो, निदान माझी तशी समजूत होती. स्वराज्य यायच्या आधीची ही गोष्ट.

आई गेली त्याच महिन्यात तिच्या रवीचं खालचं फूल फुटलं. आप्पांनी उरलेला दांडा पुसून देवळीत ठेवला आणि घरासाठी दुसरी रवी काही कातली नाही. बाजारासाठी ढिगानं कातायचे, आमच्या घरी मात्र ताक शेजारणीकडून यायचं. कातार्‍याच्या घरात रवी नाही म्हणून गल्ली हसायची. मी एकदा विषय काढला, तर आप्पांनी माझ्याशी अबोला धरला.

थोरली आक्का लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. हट्टानं शिकली, परीक्षा दिल्या, आणि नंदगडला मुलींच्या शाळेत मास्तरीण म्हणून तिची नेमणूक झाली. निघायच्या तयारीत तिचं पेन हातातून पडलं आणि दांडी उभी चिरली. निब शाबूत, टोपण शाबूत. मी म्हटलं, बाजारातून नवं आणतो. आप्पांनी देवळीतला दांडा काढला.

"नवं कशाला? तुज्या आईचा दांडा हाय की. ह्येचीच दांडी करून देतो."

आक्काचा चेहरा असा उजळला की मी नव्या पेनाचा विषय सोडून दिला.

शाई लाकडात मुरते, म्हणून आत कडक काळ्या रबराची नळी बसवायची होती. त्यासाठी दांड्याला बरोबर मधून भोक हवं. खरं तर हे काम आम्ही रोज करत होतो. कांडी करताना आधी ओबडधोबड लाकडाला भोक पाडायचं, मग लाकूड सळईवर चढवून भोकाभोवती कातायचं. भोक जरा बाजूला गेलं तरी बिघडत नाही, जास्तीचं लाकूड पटाशीनं उतरतं आणि भोक आपसूक मधोमध येतं.

पण आप्पांनी बजावलं, "वरनं पटाशी लावायची न्हाय."

आईनं वर्षानुवर्षं तो दांडा दोन तळव्यांत धरून घुसळला होता. मधल्या वीतभर भागाला तिच्या हातांची झिलई आली होती. बाकीचा दांडा कोरडा, चिरलेला. तेवढी वीतच कामाची, आणि तीच आप्पांना जशीच्या तशी हवी होती. म्हणजे बाहेरचं आधीच ठरलेलं, आणि भोकानं त्याचा मध्य शोधायचा. आमच्या धंद्याची सगळी रीतच उलटी झाली.

आधी टाकाऊ काड्यांवर हात बसवला. शिकंज्यात धरून हातानं गिरमिट फिरवलं, तर ते दुसर्‍या टोकाला सालीजवळ बाहेर पडलं. दोन्ही टोकांकडून अर्धं अर्धं पाडून पाहिलं, तर आत दोन्ही भोकांची गाठच पडेना. शेवटी लेथवर काडी फिरती ठेवली आणि गिरमिट स्थिर धरलं. हे बरं जमत होतं, पण लाकडाची रेषा तिरकी असली की गिरमिट तिच्याच मागं जायचं. माझा संताप होत होता.

"आप्पा, कांडीवानी करूया की! उगंच हट्ट कशाला?"

"तू गप रं. तुज्या आईचा हात पटाशीनं खरडू म्हंतोस व्हय?"

मी पुढची काडी लेथवर चढवली. आक्काची गाडी दुसर्‍या दिवशी सकाळी होती, म्हणून त्याच दुपारी आप्पांनी खरा दांडा लेथवर चढवला. मी पाय मारत होतो, ते श्वास रोखून गिरमिट आत सारत होते. भोक आरपार झालं. आप्पांनी दांडा उजेडाकडे धरला आणि तसाच मांडीवर ठेवला. भोक एका अंगाला सरकलं होतं. एकीकडे लाकूड जाड, दुसरीकडे पातळ; टोपण सरळ बसलंच नसतं.

"घालवलं मी," ते म्हणाले. मला इतकं वाईट वाटलं की मघाचा माझा राग कुठल्या कुठे गेला.

आक्का दारात उभी होती. ती आत आली, खाली पडलेला भुसा चिमटीत घेऊन तिनं हुंगला, मग दांड्याच्या भोकाला नाक लावलं.

"आप्पा, लोणी आतपतुर मुरलंय बगा."

आप्पांनी हुंगलं, मग मी. गिरमिटाच्या उष्णतेनं लाकूड तापलं होतं आणि खरंच लोण्याचा वास येत होता, आईच्या पदराला यायचा तसा.

"आई काय नुसती वरच्या झिलईतच व्हती व्हय?" आक्का म्हणाली. "काता वरनं. मला लिवायचं हाय त्येनं."

आप्पांनी डोळे पुसले, दांडा सळईवर चढवला आणि आपल्या हातानं ती झिलई उतरवली. भोक बरोबर मधोमध आलं. नवी दांडी फिक्या रंगाची, जरा खरखरीत होती. रोजचा भुसा संध्याकाळी पाण्याच्या चुलीत जायचा, त्या दिवशीचा मात्र त्यांनी कोणाला झाडू दिला नाही.

दिवाळीला आक्का घरी आली. आप्पांनी चहासुद्धा न घेता आधी पेन मागितलं. बोटांत धरायच्या जागी लाकूड काळसर होऊन चमकत होतं. त्यावरून त्यांनी पुन्हा पुन्हा अंगठा फिरवला.

"आईचाच हात गं तुजा," एवढंच म्हणाले आणि पेन तिला परत दिलं.

मग आतल्या कोपर्‍यातून एक जाडसर लाकूड शोधून आणलं आणि लेथवर बसले. मी विचारलं, कुणाची ऑर्डर?

"घरची," आप्पा म्हणाले. "मार पाय. सणाचं ताक शेजारनं आणायचं व्हय?"